पूजेला बसवलेल्या प्रतिपिंडाची कैफियत

मी एक जुना प्रतिपिंड आहे. हे नाव ऐकून तुमच्या डोळ्यांसमोर नदीचा घाट आणि वाट पाहणारा कावळा आला असेल, तर त्यात तुमची चूक नाही, माझ्या नावाचीच आहे. कावळा मला कधी शिवलेला नाही आणि मीही त्याची वाट पाहिलेली नाही. प्रयोगशाळेतली माणसं मला अँटीबॉडी म्हणतात. खुशालराव 'अँटीबाडी' म्हणतात आणि म्हणताना टोपी सरळ करतात.

मित्रांनो, मी राहतो एका प्लास्टिकच्या शिशीत. शिशी तुमच्या करंगळीच्या दोन पेरांएवढी. आत पाण्यासारखे काही थेंब. शिशी हलवली तर आवाज येत नाही, उघडली तर वास येत नाही. पण एकेका थेंबात आम्ही इतके भाऊ आहोत, की आमची जनगणना करायची ठरली तर जिल्ह्यातले सगळे मास्तर कमी पडतील. सोयीसाठी मी आपला 'मी' म्हणतो. भावांना विचारलेलं नाही.

माझा जन्म परदेशात, एका पांढऱ्या सशाच्या अंगात झाला. तिथल्या शास्त्रज्ञांनी माझ्या आईला शेळीच्या रक्तातलं एक प्रथिन टोचलं. आई बिचारी गवत खात होती. तिचा आणि शेळीचा आयुष्यात कधी संबंध आलेला नव्हता. हे कोण परकं अंगात शिरलं म्हणून तिने घाबरून आम्हाला तयार केलं. म्हणजे आमचा जन्म गैरसमजातून झाला. पण पुष्कळ मोठी कामं अशीच सुरू होतात, असं मी फ्रीजमध्ये पडल्या पडल्या स्वतःला समजावत आलो आहे.

त्या प्रथिनाचं नाव इंटरफेरॉन गॅमा. लक्षात राहिलं नाही तरी चालेल. गावात साथ आली की पूर्वी कोतवाल दवंडी देत फिरायचा, तसं हे प्रथिन शरीरात दवंडी देतं: 'ऐका हो ऐका, रोग आला आहे, सगळ्यांनी आपापल्या काठ्या घेऊन बाहेर यावं.' माझं काम एवढंच, की रक्तात हा कोतवाल दिसला की त्याला घट्ट धरून ठेवायचं. सोडायचं नाही. बाकी मला काहीही येत नाही. चालता येत नाही, बोलता येत नाही, शिशीचं झाकण आतून उघडता येत नाही.

धरलं हे लोकांना कळणार कसं? त्यासाठी माझा एक जोडीदार आहे. तोही प्रतिपिंडच, पण गाढवाच्या अंगातून आलेला. मी कोतवालाला धरतो, गाढव मला धरतो, आणि गाढवाच्या पाठीवर असलेल्या रसायनामुळे शेवटी पिवळा रंग येतो. अगदी हळदीसारखा. सशाने पकडायचं, गाढवाने रंग आणायचा आणि दोघांनी मिळून शेळीची तब्येत सांगायची. हे मी मनाने रचलेलं नाही, मित्रांनो. याला विज्ञान म्हणतात.

अमरावतीला मी आलो ती एक शनिवारची संध्याकाळ होती. महाविद्यालय बंद झालेलं. चौकीदाराने खोका घेतला, त्यावरचं 'थंड ठेवा' हे वाचलं आणि इमानदारीने कँटीनच्या फ्रीजमध्ये ठेवून दिला. अख्खा रविवार मी ताकाच्या पाकिटांमध्ये काढला. सोमवारी एक मुलगी धावत आली, खोका छातीशी धरून पायऱ्या चढली, आणि मला उणे वीस अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवून दार लावताना म्हणाली, "बस बापा, आता कुठं जाऊ नको."

मी कुठे जाणार होतो?

ती प्रतीक्षा. अकोल्याची. पीएचडी करत होती. मेळघाटात सेमाडोहच्या आसपास शेळ्यांना पीपीआर नावाच्या रोगाची लस टोचतात. हा रोग गोठ्यात शिरला की आठवड्यात गोठा रिकामा करतो. पण टोचलेली लस प्रत्येक शेळीला लागू पडते का, हे कुणी बघत नाही. प्रतीक्षा ते बघत होती. शेळीचं रक्त आणायचं, त्यात त्या रोगाच्या मेलेल्या विषाणूचा अंश टाकायचा. लस लागली असेल तर रक्ताला ओळख पटते आणि दवंडी सुरू होते. मग आम्ही जायचं धरायला.

आमच्या कामाची ताटली प्लास्टिकची असते. तिला शहाण्णव खळगे. शहाण्णव म्हटलं की लोकांना लगेच कुळं आठवतात, पण इथे सगळे खळगे सारखे आणि कुणाचं कूळ विचारायची पद्धत नाही. एका ताटलीत वीस शेळ्या बसायच्या. प्रत्येकीचं लशीआधीचं आणि लशीनंतरचं रक्त, आणि प्रत्येक नमुना दोन-दोन खळग्यांत. दोन कशाला? एका साक्षीदारावर कोर्ट विश्वास ठेवत नाही, तसंच हे.

तीन ताटल्या उत्तम झाल्या. ज्या खळग्यात रंग यायचा तिथे असा ठसठशीत पिवळा आला की खुशालराव म्हणाले, "लगनघर वाटून राहिलं, माय." प्रतीक्षाचे मार्गदर्शक शेखर सर आले, चष्मा कपाळावर घेऊन त्यांनी ताटली उजेडात धरली आणि म्हणाले, "वा." सरांच्या शब्दकोशात दोनच शब्द आहेत. 'वा' आणि 'बघू'. 'वा' वर्षातून एकदा निघतो. तो माझ्यासाठी निघाला. फ्रीजरमध्ये परत गेल्यावर माझी छाती, असती तर, फुगली असती.

खुशालराव हे प्रयोगशाळेचे परिचर. राहणार मोझरीचे. पस्तीस वर्षं नोकरी झालेली, आणि येत्या नोव्हेंबरच्या शेवटी निवृत्त होणार होते. काचेची नळी फुटली तर तुकडे झाडण्याआधी तिला नमस्कार करायचे. माझ्यावर त्यांचा विशेष जीव. एका मे महिन्यात वीज गेली आणि पाच तास आली नाही. अमरावतीचा मे तुम्हाला ठाऊक असेल, कूलरसुद्धा टॉवेल शोधतो. खुशालराव सायकल काढून रसवंतीवर गेले, पोत्यात बर्फाची लादी बांधून आणली, वरून लाकडाचा भुसा चोपला आणि फ्रीजरच्या दारासमोर स्टूल टाकून बसले. शेखर सर आत लपवलेले गुलाबजाम घ्यायला आले, तर खुशालरावांनी त्यांनाही हात जोडून परत पाठवलं.

"साहेब, आत पोरीची पीएचडी हाय. गुलाबजाम लाइन आल्यावर."

"बघू," सर म्हणाले आणि गेले.

त्या दिवशी खुशालराव नसते तर मी उकडून गेलो असतो. हे लक्षात ठेवा. पुढे जे सांगणार आहे ते ऐकताना याचा विसर पडू देऊ नका.

आता शेवटची ताटली उरली होती. तिच्यात खुद्द सेमाडोहच्या वीस शेळ्या. त्यांतली एक मैनाबाईंची कबरी. प्रतीक्षा चहा पिता पिता खुशालरावांना सांगत होती म्हणून मला कळलं. मैनाबाईंनी आधी रक्त काढूच दिलं नव्हतं. मागच्या हिवाळ्यात त्यांची नऊ पिल्लं चार दिवसांत गेली होती, टोचून घेतल्यावरही. "आमाले टोचनारे येते, लिहिनारे येते, पन सांगनारा कोनी वापस नाई येत," त्या म्हणाल्या होत्या. शेवटी एका अटीवर त्यांनी कबरी पुढे केली. हिवाळ्याआधी येऊन सांगायचं, लस लागली की नाही.

"आणि मी हो म्हटलं काका," प्रतीक्षा म्हणाली. "आता सगळं त्या शिशीवर आहे. एकच ताटली होईल एवढंच उरलंय. नवी शिशी बाहेरून यायला तीन महिने. या अख्ख्या लॅबमधी तेच एक खरं आहे, बाकी सगळं डबडं."

खुशालरावांनी टोपी सरळ केली. हे वाक्य त्यांनी मनात ठेवलं. इथेच माझं नशीब फिरलं, मित्रांनो. मला शिव्या देऊन कुणी मारलं नाही. माझी स्तुती झाली.

दसऱ्यासाठी प्रतीक्षा दोन दिवस आधीच आईसोबत नागपूरला दीक्षाभूमीवर गेली. दरवर्षी जाते. आल्यावर दुसऱ्याच दिवशी शेवटची ताटली लावायची, असं तिने फ्रीजरच्या दारावर खडूने लिहून ठेवलं होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खांडेनवमी. खांडेनवमीला शेतकरी नांगर पूजतो, ड्रायव्हर गाडी पूजतो, न्हावी कैची पूजतो. खुशालराव प्रयोगशाळा पूजतात. दरवर्षी टेबलावर पांढरं धोतर अंथरून त्यावर सूक्ष्मदर्शक, तराजू आणि रक्त फिरवायचं यंत्र मांडतात, हळदी-कुंकू लावतात, झेंडूची फुलं वाहतात. या वर्षी मात्र त्यांचा शेवटचा दसरा होता. त्यांनी सूक्ष्मदर्शक मांडला. तराजू मांडला. मग थोडा वेळ ते नुसते उभे राहिले आणि आपल्याशीच म्हणाले, "जिच्यावर पोरीची पीएचडी, तेच अंधारात, अन् या डबड्याची पूजा? हे काई बरोबर नाई."

फ्रीजरचं दार उघडलं. उजेड आला.

माझ्या शेजारी माझा जोडीदार होता. खुशालरावांनी त्याच्या शिशीवरची चिठ्ठी पाहिली. प्रतीक्षा त्याला लाडाने 'गाढव' म्हणायची आणि चिठ्ठीवरही तिने तेच लिहिलं होतं. "गाढवाले कोन पूजते," म्हणून खुशालरावांनी त्याला तिथेच ठेवलं. मला उचललं. त्या दिवसापासून मी गाढवाकडे आदराने पाहतो.

खुशालराव निष्काळजी नव्हते. त्यांनी स्टीलच्या वाटीत बर्फ घातला, बर्फात मला उभं केलं आणि वाटी सगळ्यांच्या मधोमध, समईच्या अगदी शेजारी ठेवली. मानाची जागा. झाकणावर हळद लावली, वर कुंकू लावलं, आणि माझ्या डोक्यापेक्षा चौपट मोठं झेंडूचं फूल वाहिलं. आरती झाली. दहा मिनिटं झाली असतील. खुशालरावांनी मला परत ठेवायला हात पुढे केला. त्यांचं बोट वाटीला लागलंसुद्धा.

तेवढ्यात कार्यालयातले केशवराव प्रसादाचा पेढा तोंडात टाकत म्हणाले, "ओ खुशालराव, काय करून राहिले?"

"ठेवून देतो आत. थंडीतली वस्तू हाय."

"अन् पूजा मोडता? मांडलेलं हत्यार दसरा उजाडल्याबिगर हलवाचं नसते, हे तुमाले मी सांगू? शेवटचा दसरा हाय तुमचा. जाता जाता काहून खोट काढता?"

खुशालरावांचा हात वाटीवर तसाच राहिला. मी आतून त्यांच्याकडे पाहत होतो. सशाच्या वंशातला असूनही त्या क्षणी मला पाय नव्हते. पस्तीस वर्षांत त्यांनी एकही पूजा मोडली नव्हती. एकही शिशी फोडली नव्हती. दोन्हींपैकी एक गोष्ट आज व्हायची होती आणि ते मला ठाऊक होतं, त्यांना नाही.

हात मागे गेला. "उद्या सकाळीच उचलतो," ते म्हणाले. वाटीत आणखी बर्फ घातला, वरून भुसा टाकला, खिडकी थोडी उघडी ठेवली, म्हणजे मला वारा लागावा. कुलूप लावलं आणि मोझरीला गेले.

मित्रांनो, ऑक्टोबरचं ऊन खिडकीतून बारा वाजता आत आलं. बर्फाचं पाणी झालं. पाणी कोमट झालं. तीन वाजेपर्यंत दाढी करता येईल एवढं गरम झालं. समई शांतपणे जळत होती. सूक्ष्मदर्शक माझ्या शेजारी बसला होता, सूक्ष्मातलं सूक्ष्म त्याला दिसतं असं म्हणतात, पण त्याच्या डोळ्यावर फूल होतं. मी ओरडू शकत नव्हतो. एकेक भाऊ घडी उलगडून लोंबकळायला लागला. आमची सगळी ताकद घडीत असते. कागदाचं विमान उलगडलं की त्याचा पुन्हा कागदच होतो, तसं ते होतं. कोण गेलं आणि कोण राहिलं हे मला आतूनही कळेना. सगळे एकमेकांसारखेच दिसत होतो, पाण्यासारखे.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुशालराव आंघोळ करून, नवी टोपी घालून आले. नमस्कार करून त्यांनी मला परत फ्रीजरमध्ये ठेवलं. वाटीतलं पाणी तुळशीला घातलं.

नागपूरहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी प्रतीक्षा आली. शिशी हातात घेतली आणि थांबली.

"काका, याच्या झाकणावर हे कुंकू कशाचं?"

खुशालराव हसत पुढे आले. "पाह्यलं? या वर्षी तुह्या शिशीले मानाची जागा देली. मधात बसवली, बरफाच्या वाटीत. म्या म्हटलं..."

"किती वेळ?"

"अं?"

"बाहेर किती वेळ होती, काका?"

खुशालराव बोटांवर मोजायला लागले. सकाळी नऊ ते दुपार, दुपार ते संध्याकाळ. करंगळीपर्यंत आले आणि थांबले. मग त्यांनी मोजणं सोडून दिलं आणि टोपी काढून हातात घेतली. टोपीशिवाय त्यांना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"बाई, म्या बरफ टाकला होता ना," ते म्हणाले. "भुसाही टाकला होता."

 प्रतीक्षा रागावली असती तर बरं झालं असतं. तिने झाकणावरची झेंडूची एक पाकळी काढली आणि ती कुठे ठेवावी हे न कळून आपल्या खिशात टाकली.

"सर, काय करू?" तिने शेखर सरांना विचारलं.

"बघू," सर म्हणाले. या वेळी मात्र तो शब्द अगदी योग्य होता.

तिने माझी परीक्षा घेतली. एका खळग्यात मोजून-मापून कोतवाल ठेवला आणि मला आत सोडलं. मी होता नव्हता तो जोर लावला. माझ्यातल्या ज्यांनी धरलं त्यांनी धरलं. ज्यांची घडी मोडली होती ते शेजारून वाहत गेले, जत्रेत हात सुटल्यासारखे. गाढव आला, त्याने आपलं काम चोख केलं. रंग आला. पण हळदीचा नाही. ज्या सरबतात लिंबू फक्त दाखवून काढून घेतलेलं असतं, त्या सरबताचा.

"अर्धाच उरलाय," प्रतीक्षा म्हणाली.

मग तिने वहीत बराच वेळ आकडेमोड केली आणि ठरवलं. मला दुप्पट घालायचं. दुप्पट घातलं की अर्ध्याच खळग्यांना पुरणार. म्हणून प्रत्येक नमुना एकेकाच खळग्यात. दुसरा साक्षीदार नाही. वीस शेळ्या, एकच संधी.

ताटली लागली. खुशालराव दाराबाहेर उभे होते. आत यायला त्यांना कुणी मना केलेलं नव्हतं.

मित्रांनो, त्या दिवशी मी एकाच वेळी अठ्ठेचाळीस खळग्यांत होतो. तेरा शेळ्यांचे खळगे पिवळे झाले. फिके, पण पिवळे. तिथे शंका नव्हती. कोतवाल होता आणि आम्ही त्याला धरला होता. सात शेळ्यांचे खळगे कोरे राहिले. त्या सातांत कबरी होती.

कबरीच्या खळग्यात मी होतो. मी खूप शोधलं. माझ्या हाताला कुणी लागलं नाही. आता तुम्ही विचाराल, कोतवाल तिथे नव्हताच, की होता आणि मला धरता आला नाही? मला विचारू नका. मी तेच स्वतःला विचारत होतो. आंधळ्याने खोलीत कुणी नाही म्हणावं, तसं माझं 'नाही'. ज्याचं सगळं आयुष्य 'आहे' किंवा 'नाही' एवढंच सांगण्यासाठी होतं, त्याला ते 'नाही' सांगता येईना.

शेखर सरांनी ताटली उजेडात धरली. "सात शून्यं लिही," ते हळूच म्हणाले. "तेरा पॉझिटिव्ह आले म्हणजे प्रयोग चालला. प्रबंध या महिन्यात द्यायचा आहे. कोण विचारतं?"

"मैनाबाई विचारतील," प्रतीक्षा म्हणाली.

"त्या काय प्रबंध वाचणार आहेत का?"

"नाही सर. म्हणूनच तर खरं सांगावं लागेल ना."

सरांनी ताटली खाली ठेवली. मग म्हणाले, "वा." वर्षातला दुसरा. इतिहासात हे पहिल्यांदाच घडलं. तिने प्रबंधात तेरा शेळ्यांपुढे आकडे लिहिले आणि सात शेळ्यांपुढे लिहिलं, 'सांगता येत नाही'. खाली कारणही लिहिलं, 'प्रतिपिंड चोवीस तास फ्रीजरबाहेर राहिला'. पूजेचा उल्लेख केला नाही. खुशालरावांचाही नाही.

खुशालरावांनी मात्र तो स्वतः करायचं ठरवलं. रिकामी शिशी लाल पिशवीत टाकायची असते, कचऱ्यासाठी. त्यांनी ती प्रतीक्षाकडून मागून घेतली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. आत काय होतं? तळाला चिकटलेला एखादा ओलावा. म्हणजे मी.

अशा रीतीने, मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मी सेमाडोहला गेलो. एसटीने, तंबाखूच्या डबीशेजारी बसून. घाटात गाडी वळली की डबी माझ्या अंगावर पडायची. प्रतीक्षा खिडकीशी बसून बोलायचं काय याची उजळणी करत होती. खुशालराव उजळणी करत नव्हते. ते फक्त खिसा चाचपत होते.

मैनाबाई अंगणात शेंगा निवडत होत्या. कबरी खुंटाला बांधलेली. मी तिला पहिल्यांदाच पाहत होतो. जिच्या रक्तात मी एवढं चाचपडलो ती शेळी माझ्याकडे न बघता पळसाचं पान खात होती.

"आली का व पोरी," मैनाबाई म्हणाल्या. "सांग. लागली का नाई लस?"

"काकू, तेरा शेळ्यांना लागलीय, नक्की. बाकी सात शेळ्यांचं..." प्रतीक्षा अडखळली. "कबरी त्या सातांत आहे. मला माहीत नाही. लागली असेल, नसेलही. सांगता येत नाही."

"काहून?"

तेव्हा खुशालराव पुढे झाले. त्यांनी मला खिशातून काढलं आणि तळहातावर ठेवलं. "काहून म्हंजे, माह्यामुळं. याच्यात ते औषध होतं, तपासाचं. थंडीत ठेवा लागते. म्या खांडेनवमीले पूजेत मांडलं. खराब झालं. तिची काई चूक नाई. चूक माही हाय."

मैनाबाईंनी मला उचललं, डोळ्यासमोर धरलं, झाकणावरच्या वाळलेल्या कुंकवाकडे पाहिलं.

"एवढ्याशा बाटलीची पूजा केली?"

"हो."

"प्रसादात काय होतं?"

"पेढे."

मैनाबाईंच्या खांद्यांवरून वाटलं की त्या हसत आहेत. मग त्यांनी शिशी परत दिली आणि शेंगांकडे वळल्या. "मंग त्याच्यात तोंड पाडाचं काय? नाई माहीत त सातईजनीले पुन्हा टोचा. बकरीले काय, एकदा टोचलं तरी बोंबलते, दोनदा टोचलं तरी तेवढीच बोंबलते. तू येऊन 'माहीत नाई' म्हटलं, हेच लय झालं. मागचे त तेई सांगाले आले नाई."

तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या डॉक्टरांनी त्या सातही शेळ्यांना पुन्हा लस टोचली. प्रतीक्षाने स्वतः एकेकीचं डोकं धरलं. खुशालरावांनी कबरीचे पाय धरले. कबरी बोंबलली. मी खिशात होतो, मी काहीच धरलं नाही.

नोव्हेंबरच्या शेवटच्या दिवशी खुशालराव निवृत्त झाले. हार, शाल, भाषण, फोटो. शेखर सर 'बघू' म्हणणार होते, पण बघण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून नुसते रडले. सगळे गेल्यावर खुशालरावांनी फ्रीजरच्या दारावर एक कागद चिकटवला. अक्षर मोठं, शाई लाल: 'येथील देव थंड आहेत. सणासुदीलाही बाहेर काढू नयेत. हुकमावरून, खुशालराव.' कुणाच्या हुकमावरून, हे लिहिलेलं नाही. पण तो कागद आजपर्यंत कुणी काढला नाही. यंदा केशवरावांनी पूजा मांडली तेव्हा फ्रीजरला फक्त बाहेरून कुंकू लावलं, असं कानावर आलं.

मी आता मोझरीला असतो. खुशालरावांच्या देवघरात, बाळकृष्णाच्या डाव्या हाताला. माझ्यात आता काही नाही, आणि जे आहे त्याला काही येत नाही.

मित्रांनो, म्हाताऱ्याने उपदेश करावा अशी रीत आहे, म्हणून करतो. तुमच्या घरात, शाळेत, दवाखान्यात माझ्यासारख्या पुष्कळ गप्प वस्तू असतात. लशीची कुपी, थर्मामीटर, आजोबांची इन्सुलिनची पेटी. त्यांच्यावर प्रेम येईल तेव्हा आधी त्यांच्यावरची चिठ्ठी वाचा. थंडीत ठेवायचं म्हटलं असेल तर थंडीत ठेवा, अंधारात म्हटलं असेल तर अंधारात. आम्हाला मानाची जागा नको असते, आमची जागा हवी असते. आणि पूजेत मांडलेलं हलवायचं नसतं असं कुणी म्हणालं, तर देवाला हात जोडा आणि हलवा. तो समजून घेतो. आम्हाला समजून घेता येत नाही, आमची घडी मोडते.

रोज सकाळी खुशालराव देवाला दिवा लावतात. मग आत जाऊन फ्रीजमधून बर्फाचा एक खडा आणतात आणि वाटीत घालून माझ्याजवळ ठेवतात. नऊ वाजेपर्यंत त्याचं पाणी होतं. मी काही म्हणत नाही.